तक्ता क्रमांक तीन

बहीण : हे पान तुमचंच ना, बाई? एवढंच सांगा. हो की नाही.

बाई : आधी बसा तरी. इतक्या लांबून आलात...

बहीण : सहा तास एसटीनं. आत्ता बसले तर उठायची नाही मी. पान बघा.

बाई : माझंच आहे. माझ्या लेखातलं. तक्ता क्रमांक तीन.

बहीण : आरोपपत्रात ह्याला ‘परिशिष्ट क’ म्हटलंय. सात वर्षं, महिन्याला एक ओळ. चौऱ्याऐंशी ओळी. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी लाल शाईनं आकडा घातलाय. तुमची एक ओळ म्हणजे माझ्या भावाचा एक गुन्हा. शत्रूदेशाला गोपनीय माहिती पुरवली. चौऱ्याऐंशी वेळा.

बाई : मी नाव दिलं नव्हतं. कुठेच नाही. नाव, गाव, काहीही नाही. आमच्यात तसा दंडकच आहे.

बहीण : नाव नाही दिलंत. ‘उजव्या काठावरच्या केंद्रात पाणी मोजणारा इंजिनिअर, वय चाळिशीच्या आसपास, अविवाहित, मोठ्या बहिणीबरोबर राहतो.’ त्या नदीला उजव्या काठावर केंद्र एकच आहे, बाई. आणि मोठी बहीण ही अशी तुमच्यासमोर उभी आहे.

बाई : कधी नेलं त्यांना?

बहीण : मंगळवारी. सकाळी केंद्रावर जायला निघाला होता. सायकलला किल्लीसुद्धा लावली नव्हती अजून. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणाले. मी म्हटलं डबा तरी नेऊ द्या, तर म्हणे कशाला, येईलच परत. आज तेरावा दिवस.

बाई : तुम्ही मला फोन का नाही केलात? लगेच?

बहीण : फोनच्या पायीच तर हे सगळं झालं. आता मी कुणाला फोन करत नाही.

प्रमुख : येऊ का आत? आवाज पार जिन्यापर्यंत येतोय. काय झालं?

बाई : ये. दार लावून घे. ह्या... मी दोन उन्हाळे नदीकाठी राहिले होते ना अभ्यासाला, ते ह्यांच्याच घरी. ह्यांच्या भावाला धरलंय. माझ्या लेखावरून. आणि हे आमचे विभागप्रमुख. आम्ही एका वर्गात शिकलो, तेव्हापासून ओळखतो एकमेकांना.

बहीण : नमस्कार. दारावरची पाटी वाचली मी. आंतरराष्ट्रीय संबंध विभाग. मला वाटलं होतं केवढं तरी मोठं ऑफिस असेल. खुर्चीचा एक पाय विटेवर टेकलाय तुमच्या.

प्रमुख : बसा तुम्ही, ती पडत नाही. तुम्ही काय करता?

बहीण : जिल्हा कोर्टात टायपिस्ट. तेवीस वर्षं झाली. म्हणून कागद कसा वाचायचा ते मला कळतं. तुमचा लेख मी चार वेळा वाचला, बाई. शब्दकोश उशाशी घेऊन. मला समजलं ते सांगते, चुकलं तर चूक म्हणा.

बाई : सांगा.

बहीण : जुने लोक म्हणतात, देश म्हणजे गल्लीतले दांडगे. वर कुणी वाली नाही, म्हणून ज्याच्या मनगटात जोर त्याचं खरं. दुसरे म्हणतात, तसं नाही, दुकानदारी वाढू द्या, मग भांडण परवडायचं नाही कुणाला. आणि तुम्ही म्हणालात, दोघंही गच्चीवरून बघतायत. खाली उतरा. देशादेशांतलं नातं करारात नसतं, ते रोज हातानं करावं लागतं. करार मोडला, वकिलाती बंद पडल्या, तरी ह्या काठावरचा एक माणूस आणि पलीकडच्या काठावरचा एक माणूस रोज सकाळी फोनवर बोलतात. तुझ्याकडे पाणी किती, माझ्याकडे किती. त्यावर दरवाजे उघडतात, खालची गावं जगतात. शांतता कुठे असलीच तर ती तिथे आहे. बरोबर?

बाई : बरोबर. इतकं सोपं मला लिहिता आलं नाही.

बहीण : नाही आलं तेच बरं झालं असतं. ‘सात वर्षांत केवळ अकरा दिवस संभाषण झाले नाही.’ हा आकडा तुम्हाला कुणी दिला?

बाई : त्यांनीच. वही दाखवली होती मला. किती अभिमानानं दाखवली होती! तेव्हा करार स्थगित होऊन सात वर्षं झाली होती. आकडे कळवायचे तर मंत्रालयामार्फत, लेखी, असा हुकूम होता. मी विचारलं, मग अजून फोन कसा करता? तर हसले. म्हणाले, नदीला हुकूम पोचलेला नाही.

बहीण : आणि तुम्ही ते छापलंत.

बाई : लेखाची सुरुवातच त्या वाक्यानं केली.

प्रमुख : ताई, एक बोलू? हिचा हेतू वाईट नव्हता.

बहीण : तुम्हाला कोणी म्हटलं, मी हेतूबद्दल बोलतेय? कोर्टात हेतू शेवटच्या पानावर असतो. मला एक विचारायचंय. आरोपपत्रात एक वाक्य अवतरणात आहे, अधोरेखित करून. ‘लेखिका ज्याला विश्वास म्हणते, त्याला राज्याच्या भाषेत गळती म्हणतात.’ हे वाक्य बाईंच्या लेखात नाही. मी ओळ न् ओळ शोधलं.

बाई : नाहीये.

बहीण : मग कुणाचं?

प्रमुख : माझं.

बाई : तू तर ते फक्त आपल्या नियतकालिकात लिहिलं होतंस. माझ्या लेखावरच्या उत्तरात. ते वाचतो कोण? तू, मी आणि परीक्षेपुरती पोरं.

प्रमुख : फक्त तिथेच नाही. मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांचा प्रशिक्षण वर्ग असतो, दरवर्षी जातो मी. दोन्ही लेख वाटले होते त्यांना. म्हटलं, आमच्या विषयात सध्या काय वाद चाललाय ते तरी कळू दे. हे वाक्य वाचल्यावर टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एकानं लिहून घेतलं. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

बाई : तू मला सांगितलं नाहीस.

प्रमुख : टाळ्यांचं काय सांगायचं? बारा वर्षं आपण एकमेकांना खोडतोय. तुझ्या नव्या विचाराला लोक डोक्यावर घेत होते, परदेशातून बोलावणी येत होती. माझं एक वाक्य गाजलं, एवढंच.

बहीण : रेड्यांची टक्कर आणि झाडांचा काळ. आमच्या आईची म्हण. पण तिथे निदान रेडे तरी असतात. तुमचे नुसते कागद होते, आणि तरी झाड गेलंच.

प्रमुख : आम्ही काय करू शकतो, ते सांगा.

बहीण : तुम्ही काही नाही. बाई करू शकतात. हे टाईप करून आणलंय. वाचा, मोठ्यानं वाचा. वकील म्हणाले, समजून सही करणाऱ्याचीच सही टिकते.

बाई : ‘मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की, माझ्या सदर लेखात वर्णिलेल्या दोन व्यक्ती पूर्णतः काल्पनिक असून, सिद्धांत पटवून देण्याच्या सोयीसाठी मी त्या रचलेल्या आहेत. तक्ता क्रमांक तीनमधील आकडे मी स्वतः तयार केलेले आहेत. सदर दूरध्वनी संभाषणे कधीही झालेली नाहीत...’

बहीण : थांबू नका.

बाई : मी तिथे बसले होते हो. त्या खोलीत. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो काळा फोन वाजायचा. एकदा पलीकडून नुसती शिंक ऐकू आली, तर तुमचा भाऊ म्हणाला, काल भिजलात वाटतं. सात वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि शिंकेवरून...

बहीण : मला ठाऊक आहे. आमच्या घरात त्याला ‘पलीकडचा’ म्हणायचे. ‘पलीकडच्याची मुलगी पास झाली’ म्हणून ह्यानं पेढे वाटले, तेव्हा मीच ओरडले होते ह्याच्यावर. पुढे वाचा.

प्रमुख : थांब, वाचू नकोस. ताई, तुम्ही कोर्टातल्या आहात, तुम्हाला कळायला हवं. हिनं हे लिहून दिलं की हिची नोकरी गेली. पदवीसुद्धा काढून घेतील. हिच्या हाताखाली चार मुलांनी प्रबंध लिहिलेत, सगळे ह्या एका लेखाच्या पायावर. ती चारही घरं कोसळतील.

बहीण : बरं.

प्रमुख : आणि उपयोग शून्य. त्यांना तुमचा भाऊ दोषी आहे की नाही ह्याच्याशी देणंघेणंच नाही. निवडणूक तोंडावर आलीय, त्यांना एक फितूर हवाय. मी आयुष्यभर हेच शिकवत आलोय.

बहीण : तुमचं शिकवणं खरं ठरेलही. पण वकील म्हणाले, एवढी एकच फट आहे. त्या फोनची नोंद कुठे होत नाही, ती जुनी थेट तार आहे. वही होती, ती आता नाही. कुठे गेली विचारू नका. उरला फक्त हा लेख. लेख खोटा ठरला तर त्यांच्या हातात काही राहत नाही.

बाई : माझ्याकडे एक कागद आहे.

बहीण : कुठला?

बाई : संमतीपत्र. ‘माझ्याविषयीची माहिती अभ्यासासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.’ खाली त्यांची सही, तारीख. आणि माझ्या नोंदींच्या तीन डायऱ्या. त्या कपाटात आहेत. अजून कोणी झडतीला आलेलं नाही.

बहीण : मग येतीलच. फाडा.

प्रमुख : अगं, विचार तर कर. तो कागद म्हणजे तुझा एकुलता एक पुरावा आहे. उद्या कुणी म्हणालं बाईंनी सगळं मनानं लिहिलं, तर...

बाई : कुणी कशाला? मीच म्हणणार आहे. तसं लिहिलंय ना इथे. किल्ली पेनांच्या मगात आहे, दे.

प्रमुख : बारा वर्षं मी ओरडतोय की तुझा सिद्धांत खोटा आहे. असा खोटा ठरावा असं नव्हतं गं वाटत मला.

बाई : किल्ली दे.

बहीण : अक्षर बघू द्या एकदा. फाडायच्या आधी. ...‘क्ष’ असाच काढतो तो लहानपणापासून, उलटा. मी मारायचे त्यावरून. द्या, मीच फाडते. तुम्ही सही करा.

बाई : कुठे?

बहीण : प्रत्येक पानावर. खाली उजवीकडे. तेवीस वर्षं मी लोकांची खोटी प्रतिज्ञापत्रं टाईप करत आलेय, बाई. स्वतःसाठी केलेलं हे पहिलंच.

(सात आठवड्यांनंतर. तीच खोली. भिंतीवरची कपाटं रिकामी, जमिनीवर पुस्तकांची खोकी.)

बाई : या. खुर्ची आता उरली नाही, ह्या खोक्यावर बसा. मजबूत आहे, जाड पुस्तकं आहेत आत.

बहीण : कधी सोडायचीय खोली?

बाई : आज पाचपर्यंत. तुम्ही सांगा. मला कोर्टात येऊ दिलं नाही. बंद दाराआड खटला, म्हणाले. पेपरात नुसतं ‘निकाल लागला’ एवढंच.

बहीण : चौदा वर्षं.

बाई : पण... प्रतिज्ञापत्र? दाखल झालं होतं ना?

बहीण : झालं. न्यायाधीशांनी वाचलं. बाईमाणूस होत्या, नीट वाचलं त्यांनी. सरकारी वकिलाला विचारलं, लेखाशिवाय तुमच्याकडे काय आहे? तो कागद चाळत बसला. आमच्या वकिलानं माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, सुटला. खरंच वाटलं हो, मी मनातल्या मनात घरी जाऊन त्याचं अंथरूणसुद्धा घातलं.

बाई : मग?

बहीण : मग त्यांनी त्याला विचारलं. नुसता उपचार म्हणून. ‘हे सगळं काल्पनिक आहे, हे तुम्हाला मान्य आहे ना?’ हो म्हणायचं होतं. एक अक्षर. वकिलानं चार दिवस पढवून घेतलं होतं.

बाई : नाही म्हणाले?

बहीण : आधी माझ्याकडे वळून बघितलं त्यानं. मग म्हणाला, ‘बाई चांगल्या आहेत. माझ्यासाठी खोटं बोलतायत. फोन मी करत होतो.’

बाई : अहो पण का? का असं केलं त्यांनी?

बहीण : आदल्या दिवशी तपास अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की पलीकडच्यालाही त्यांच्याकडे धरलं. तिथे खटलाबिटला नाही. भिंतीशी उभं केलं आणि... खरं की खोटं देव जाणे. पण ह्याला खरं वाटलं. न्यायाधीशांना म्हणाला, ‘तो माणूस होता, साहेब. सात वर्षं रोज होता. आता तो राहिलेला नाही, आणि तो कधी नव्हताच असं मी लिहून देऊ?’ न्यायाधीश बाईंना ‘साहेब’ म्हणाला. घाबरला की तसंच होतं त्याचं.

बाई : आणि हे तुमच्यासमोर?

बहीण : हो. घरची म्हणून मला एकटीला बसू दिलं होतं. मी तिथून ओरडले, ‘गाढवा, हो म्हण!’ मला बाहेर काढलं. माझ्याच कोर्टातून, माझ्याच शिपायानं. रडत होता तोही.

प्रमुख : आलात तुम्ही? मला आत्ताच कळलं. मी मंत्रालयात गेलो होतो, दोनदा. म्हटलं, ते वाक्य माझं आहे, ते मागे घेतो, त्याचा अर्थ तसा नाही. पहिल्या दिवशी चार तास बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी चहा दिला आणि म्हणाले, सर, पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाला याल ना?

बहीण : जाल का?

प्रमुख : नाही जाणार. त्यानं कुणाचं काय अडतंय! दुसरा कोणी जाईल. वाक्य त्यांच्याकडे आहेच.

बाई : किल्ल्या न्यायला आलास ना? ही घे. खोलीची, कपाटाची.

प्रमुख : राहू दे गं आत्ता.

बाई : घे. मजा ऐका तुम्ही. विद्यापीठाच्या समितीनं ठरवलं की लेख खोटा, मी आकडे रचले, म्हणून मला काढलं. आणि तुमच्या कोर्टानं ठरवलं की लेख खरा, प्रतिज्ञापत्र खोटं, म्हणून माझ्यावर वेगळा खटला भरणार. कालच नोटीस आली.

बहीण : ती मीच टाईप केली. दुसरं कुणी नव्हतं रजेमुळे.

बाई : हो? छान होती. एकही चूक नव्हती.

प्रमुख : अजून एक आहे. ऐकायचं नसेल तर नको.

बाई : बोल. आता काय व्हायचं राहिलंय.

प्रमुख : मागच्या आठवड्यात खालच्या गावांत पाणी शिरलं. केंद्रावर नवा माणूस बसवलाय, त्यानं नियमाप्रमाणे लेखी विचारणा पाठवली, पलीकडे पाणी किती म्हणून. उत्तर अजून मंत्रालयाच्या टेबलावर आहे. तोवर नदी येऊन गेली. एकवीस माणसं गेली. शाळा गेली एक.

बाई : एकवीस.

प्रमुख : तू म्हणत होतीस तेच होतं. राज्यं नव्हती राखत ती नदी. ती दोन माणसं राखत होती. मी बारा वर्षं पुरावा मागत होतो तुझ्याकडे, आता हा एवढा ढळढळीत आहे. आणि कुणी लिहू शकत नाही. तू लेख मागे घेतलायस, त्याचा साधा उल्लेखसुद्धा करता येत नाही. मी लिहीन म्हटलं, तर संपादक म्हणतात आधार दाखवा. कुठला आधार दाखवू?

बहीण : मी फाडला तो.

प्रमुख : तसं नव्हतं म्हणायचं मला.

बहीण : तुमचं काय म्हणणं होतं आणि काय नव्हतं, ह्यातच आमचं घर बसलं, सर. रागानं नाही बोलत. राग यायलासुद्धा अंगात काही लागतं.

प्रमुख : मी निघतो. तास आहे माझा. पहिल्या वर्षाचा. ‘राज्य म्हणजे काय’ शिकवायचंय. खोकी खाली न्यायला कुणाला तरी पाठवतो.

बाई : नको. सावकाश नेईन मी एकेक.

बहीण : गेले. वाईट नाहीत तसे.

बाई : नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मी तुम्हाला कुठल्या तोंडानं विचारू... पण विचारते. मला त्यांना भेटायचंय. एकदाच. माफी मागायला नाही, तेवढी लायकी नाही माझी. नुसतं बघायचंय. आणि पुराचं कळू द्यायचं नाही त्यांना, हे तुम्हाला सांगायचंय.

बहीण : कळलंय त्याला. कैदी पेपर वाचतात. त्या दिवसापासून जेवत नाही. मी गेले तर म्हणतो, ताई, चार तास आधी कळलं असतं तर सगळी निघाली असती. भेटीची सगळी वीस मिनिटं तेवढंच बोलतो.

बाई : मला येऊ देतील?

बहीण : महिन्यातून एक भेट असते. ह्या महिन्याची माझी झाली. पुढच्या महिन्याची तुम्हाला देते. अर्ज आणलाय मी, मला वाटलंच होतं तुम्ही विचाराल. पेन आहे?

बाई : आहे. हं. माझं नाव. पत्ता... पत्ता कुठला घालू, घरही विद्यापीठाचंच आहे. माझ्या बहिणीकडचा घालते. वय. ओळखपत्राचा नंबर. आणि हे काय? ‘कैद्याशी संबंध.’

बहीण : हं. तो रकाना.

बाई : इथे काय लिहू?

बहीण : मी ‘बहीण’ लिहिते.

बाई : आणि रिकामा ठेवला तर?

बहीण : अर्ज परत येतो. बघा, काय लिहिता येतंय ते. मी थांबते. साडेपाचला आहे शेवटची गाडी.